क्षेमी न्हाविणीची साक्ष

क्षेमंकरी हे नाव बापानं हौसेनं ठेवलं होतं, पण पलाशडांगा गावात ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही. ती क्षेमीच राहिली. नकुल न्हाव्याची क्षेमी.

बायकांचे पाय हाच तिचा उभा जन्म. वेताची टोपली कमरेवर घेऊन ती सकाळी निघायची. टोपलीत नखं काढायची नराणी, टाचा घासायची वजरी, आळत्याची वाटी आणि कापसाचे बोळे. ओसरीवर बसायचं, समोरच्या बाईचा पाय मांडीवर घ्यायचा, टाच घासायची, नखं काढायची आणि मग पावलाच्या कडेनं आळत्याची लाल रेघ ओढायची. तीस वर्षं हेच. कुठल्या सुनेला पायानं चालवायच्या ढेकीवर भात कांडायला जास्त उभं करतात, कोण चोरून अनवाणी माहेराकडे पळून परत आली, कुणाला दिवस गेलेत, हे तिला पावलांवरून कळायचं. कळलं तरी ती बोलायची नाही. न्हावीण बोलायला लागली तर गावात एक घर धड राहायचं नाही, असं तिची सासू सांगून गेली होती.

सासूनं आणखी एक काम तिच्या हवाली केलं होतं. सती जायला निघालेल्या बाईला आळता लावायचा.

पहिल्यांदा सासूबरोबर गेली तेव्हा क्षेमी तेरा वर्षांची. मुखुज्जेंच्या घरची म्हातारी साठीच्या पुढची. नवऱ्याबरोबर पंचेचाळीस वर्षं संसार केलेली. ती हसत होती, खरंच हसत होती. क्षेमीच्या हनुवटीला हात लावून म्हणाली, "नीट लाव गो, तिथं वर बघतील सगळे." मग आंब्याचा डहाळा हातात घेऊन, लाह्या नि कवड्या उधळत, आपल्या पायांनी चालत नदीकाठी गेली. क्षेमीला वाटलं, हे असंच असतं.

दुसरी तशी नव्हती. तिसरीला भांग पाजली होती. तिचा पाय मांडीवर ठरत नव्हता, सासूनं घोटा दाबून धरला तेव्हा रेघ ओढता आली. सासू गेल्यावर क्षेमी एकटी जाऊ लागली. सगळ्याजणी, अगदी ठाम असलेल्यासुद्धा, पाय रंगत असताना वाकून एकच गोष्ट विचारायच्या. दुखतं का गं? त्यावर काय बोलायचं ते सासूनं शिकवून ठेवलं होतं. "नाही हो माय. चंदनाच्या पाण्यानं न्हाल्यासारखं वाटतं." क्षेमी ते म्हणायची. त्या ऐकून घ्यायच्या. काहीजणी मानही हलवायच्या.

अशा नऊ झाल्या. नवव्या बाईनंतर तिचा उजवा हात दुखायला लागला. वैद्यानं वात म्हणून तेल दिलं. तेलानं काही झालं नाही.

एकदा जेवताना ती नवऱ्याला म्हणाली, "मला आता हे काम होत नाही."

नकुल भातात मीठ कालवत म्हणाला, "तू नाही गेलीस तर पलीकडच्या गावची येईल. जाळणारे जाळायचे थांबणार आहेत का? आपली यजमानकी मात्र जाईल."

खरंच होतं ते. क्षेमीनं ताटं उचलली.

त्या वर्षी चैत्रात पटकी आली. कुंभारपाड्यात चार, कोळ्यांच्या जेलेपाड्यात अकरा, आणि मग ती बामणपाड्यात शिरली. हरनाथ चाटुज्जे रात्री आजारी पडले नि सकाळी गेले. बावन्न वर्षांचे. पहिली बायको मागेच वारली होती. दुसरी भवसुंदरी, वय सतरा. चार वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली, मूल नव्हतं. घरात धाकटा भाऊ शिवनाथ आणि त्याची बायको मोक्षदा. निपुत्रिक भावाचा वाटा त्याच्या बायकोकडे जातो, आणि बायकोच राहिली नाही तर भावाकडे. पलाशडांग्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, पण कुणी बोलून दाखवत नव्हतं.

प्रेत अंगणात आणलं तेव्हा बायकांनी गळा काढला. त्या गलक्यात कुणीतरी भवला हलवून म्हणालं, "अगं अभागिनी, आता तू काय करशील?" पोर रात्रभर झोपली नव्हती, नवऱ्याची घाण काढून तिचे हात सोलले होते. तिच्या तोंडून निघालं, "मीपण जाते."

बस्स. तेवढ्यावर शंख वाजला. एकदा बोललेला शब्द मागे घेतला तर सात कुळं नरकात जातात. कुणी नवी साडी आणायला धावलं, कुणी लाकडं वाढवायला सांगितलं, आणि एक गडी क्षेमीला बोलवायला आला.

क्षेमी पोचली तेव्हा भव आतल्या खोलीत चटईवर बसली होती. न्हाऊन झालं होतं, लाल काठाची साडी, कपाळभर सिंदूर. दाराशी मोक्षदा उभी होती. मोक्षदा पंचविशीची, नात्यानं धाकटी पण वयानं मोठी, आणि गेली चार वर्षं या पोरीला "दीदी" म्हणावं लागतं म्हणून मनात जळत आलेली. क्षेमी आत आली तशी ती ओसरीकडे सरकली, पण गेली नाही.

क्षेमीनं पाय मांडीवर घेतला. बोटं आत वळलेली होती, घट्ट. फांदीवरच्या पाखराच्या नख्या जशा. ती एकेक बोट सोडवायची, ते पुन्हा वळायचं.

"पाय सैल सोड, माय."

"सोडतेय." भवचा आवाज घोगरा झाला होता. मग ती वाकली. "क्षेमीमावशी, दुखतं का हो?"

क्षेमीच्या तोंडापर्यंत चंदनाचं पाणी आलं. आणि ते बोलायचा तिला इतका कंटाळा आला, की दगड उचलायला सांगितलं असतं तर तो सोपा वाटला असता.

"मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "सांगायला कुणी परत आलं नाही."

भवनं तिचं मनगट धरलं. आळत्याची वाटी कलंडली. "मला नाही जायचं. मी बोलले ते... मला कळलंच नाही मी काय बोलले."

"मग दारोग्याला सांग तसं. तो आलाय बाहेर. विचारेल तो."

"भावोजी शेजारी उभे असतील. आणि सांगून पुढं? कुठं जाऊ? बाबा घरात घेणार नाहीत, शब्द फिरवलेल्या बाईला कोण घेतं?"

 क्षेमीनं दुसरा पाय मांडीवर घेतला, कापूस बुडवला नि रेघ ओढायला लागली. हात आपोआप चालला. अर्ध्यात येऊन थांबला.

दोन वर्षांमागे दत्तांच्या आळीतले एक ब्राह्मण दूर मुर्शिदाबादेला वारले होते. त्यांच्या बायकोला त्यांच्या खडावा घेऊन सती जायचं होतं. तेव्हा गावचे पंडित न्यायवागीश यांनी सांगितलेलं क्षेमीनं ओसरीवर नखं काढता काढता ऐकलं होतं. ब्राह्मणाच्या बायकोला नवऱ्याच्या देहाबरोबरच जाता येतं. मागाहून, निराळ्या चितेवर, नाही. म्हणजे आजचा एक दिवस टळला पाहिजे. हरनाथांची चिता एकट्यानं विझली की मग या पोरीला कुणी जाळू शकत नाही. आणि पोटुशी बाई जाळायची नाही, हे शास्त्रातही होतं आणि कंपनी सरकारच्या हुकुमातही.

क्षेमी उठली. बोटांना आळता तसाच होता. भवला तिनं एवढंच सांगितलं, "मी काही बोलले तर तू तोंड मिटून बस."

अंगणात बकुळीखाली दारोगा करम अली चौरंगावर बसला होता, मांडीवर कागद. जाडसर, दमेकरी माणूस. बाईचं वय सोळाच्या वर आहे ना, नशापाणी दिलं नाही ना, आपखुशीनं जाते ना, असं विचारायचं, लिहायचं आणि संपेपर्यंत थांबायचं, हे सरकारनं त्याच्या गळ्यात बांधलेलं काम होतं. त्या उन्हाळ्यात हे त्याचं चौथं घर. उत्तरं शिवनाथ देत होता.

"दारोगासाहेब," क्षेमी म्हणाली, "बाईला दिवस गेलेत."

 शिवनाथ फिरून तिच्यावर आला. "काय बरळतेस गं न्हाविणी?"

"पायाला सूज आहे. दोन महिने झालेत. तीस वर्षं पाय बघते मी, ठाकूर. मला कळतं."

"हरामखोर! कुणी शिकवलं तुला? अहो, ही खोटं बोलतेय!"

करम अलीनं लेखणी खाली ठेवली. "खोटं असेल तर सोपं आहे. घरातल्या बायकांना माहीत असतं, कोण कधी बाजूला बसलं होतं ते. विचारा आत."

 हे क्षेमीच्या डोक्यातच आलं नव्हतं. भव बाजूला बसली होती, दहाच दिवसांपूर्वी. विटाळ होईल म्हणून क्षेमीनंच त्या दिवशी तिची नखं काढली नव्हती. आणि त्या चार दिवसांत तिला लांबून भात वाढणारी मोक्षदा दाराआड उभी होती.

"ऐकलंस ना?" शिवनाथ दाराकडे तोंड करून ओरडला. "सांग साहेबांना!"

दाराआडची कडी एकदा वाजली. मग मोक्षदा म्हणाली, "मी काय तिची राखण करते? आपल्याच घरकामातून मला सवड नसते. मला नाही ठाऊक."

शिवनाथ बघतच राहिला. करम अलीनं लगेच लेखणी उचलली नि भराभरा लिहायला लागला, जणू कुणी आणखी काही बोलायच्या आत त्याला कागद संपवायचा होता. न्यायवागीशांना विचारलं. ते म्हणाले, "शंका आहे तिथं अग्नी नाही. गर्भहत्येचं पाप मी डोक्यावर घेणार नाही." लोक कुरकुरत नदीकाठी गेले. बाहेरगावाहून आलेल्या दोन बायका क्षेमीच्या अंगावर थुंकल्या. तीन कोस चालून आल्या होत्या त्या, सतीच्या हातची कवडी न्यायला.

हरनाथ एकटेच जळले.

दहाव्या दिवशी भवचे केस कापायला क्षेमीलाच जावं लागलं. मांडीपर्यंत केस होते. 

खोटं तीन महिने टिकलं. आषाढात सगळ्यांच्या लक्षात आलं, की चाटुज्जेंच्या घरात पाळणा हलणार नाही. शिवनाथ न्यायवागीशांकडे गेला. ते म्हणाले, झालं ते झालं, आता चिता नाही. मग गावाचा सगळा राग क्षेमीवर आला. बामणपाड्यानं बोलावणं बंद केलं. मग कायस्थपाड्यानं. सतीच्या वाटेत खोटं घालणाऱ्या बाईच्या हातून कोण पाय रंगवून घेणार? पलीकडच्या गावची न्हावीण येऊ लागली, नकुल म्हणाला होता तशीच. नकुलची हजामत चालू राहिली, कारण पुरुषांना दाढ्या करून घ्यायच्याच होत्या. तो तिला मारझोड करणारा नव्हता. तो फक्त बोलायचा थांबला. पूर्ण पावसाळाभर घरात पावसाचाच काय तो आवाज. दुर्गापूजेच्या सुमारास एकदा म्हणाला, "मीठ कमी आहे," तेव्हा क्षेमीला कळलं, की आता चालेल.

ती खाडीपलीकडे जेलेपाड्यात जाऊ लागली. कोळणींच्या टाचा चिखलानं नि शिंपल्यांनी फाटलेल्या, वजरीला दाद न देणाऱ्या. त्या आळत्यासाठी बसायच्या नाहीत, काटा रुतला की बोलवायच्या, आणि मोबदल्यात मासळी द्यायच्या. त्या एकमेकींना भरपूर शिव्या द्यायच्या आणि क्षेमीलाही. तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

भव तिला दोन वर्षांनी घाटावर भेटली. ज्येष्ठातली एकादशी. उन्हानं पायऱ्या भाजत होत्या. पांढरं बिनकाठाचं वस्त्र, डोक्यावर बोटभर केस, ओठ फुटलेले. एकादशीला पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, आणि मोक्षदा त्या दिवशी घागरींवर नजर ठेवून बसायची. एक वेळचा भात, तोही सगळ्यांचं उरकल्यावर, स्वतः निराळा शिजवून. सगळ्या घराची धुणी. मंगलकार्यात तोंड दाखवायचं नाही. "गिळायला वाचली," हे वाक्य मोक्षदा दिवसातून चारदा म्हणायची, कधी कधी काही निमित्त नसतानाही.

भव पाण्यात गुडघ्यापर्यंत उभी होती. क्षेमीकडे न बघता म्हणाली, "कशाला वाचवलंत?"

क्षेमी टोपली धुवत होती.

"एक दिवस जळाले असते मी. एक घटका. आता रोज. तुम्हाला पुण्य मिळालं, मला काय?"

"पुण्य?" क्षेमी म्हणाली. "माय, मला दोन वर्षांत गावात कुणी पाट मांडून पाणी दिलेलं नाही. कसलं पुण्य?"

"मग कशाला केलंत?"

क्षेमीनं विचार केला. तिला खोटं बोलायचं नव्हतं. एकदा बोलून झालं होतं. "दमले होते मी. तुझ्यासाठी केलं असं नाही म्हणत. आधी नऊ झाल्या होत्या. दहावे पाय माझ्याच्यानं पुरे होईनात, एवढंच."

भवनं पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. मग हसली की रडली ते कळलं नाही, घशातून एक आवाज आला. "निदान खरं तरी बोललात," ती म्हणाली, आणि ओल्या धुण्याचा पिळा खांद्यावर टाकून वर गेली.

त्यानंतर भवची जीभ सुटली असं लोक म्हणतात. ती उलट बोलायला लागली. गवळ्याला, गड्यांना, मोक्षदाला, शेवटी शिवनाथालाही. नवऱ्याचा वाटा आपला आहे, हे तिनं एकदा भर अंगणात ओरडून सांगितलं, आणि तेव्हापासून शिवनाथ तिच्यासमोरून जाताना खाकरून जाऊ लागला. एकवीस-बावीसच्या पोरीचा आवाज साठीच्या आत्याबाईसारखा झाला. गावातली पोरं तिला बघून पळत. फक्त मोक्षदाची मुलगी टुनी पळत नसे. मोक्षदाला उशिरा झालेलं ते एकुलतं मूल. बाळंतपणात मोक्षदा सहा महिने अंथरुणाला खिळली, तेव्हा पोर भवच्या कडेवर गेली ती तिथंच राहिली.

टुनी दोन वर्षांची असताना, कार्तिकात, शिवनाथ तापानं वारला.

त्या सकाळी जेलेपाड्यात क्षेमीला बोलवायला गडी आला तेव्हा तिला वाटलं चुकून आला. "चाटुज्जेंकडे? मला?"

"थोरल्या सूनबाईंनी सांगितलंय. म्हणाल्या, या घरची न्हावीण क्षेमीच. दुसरी कुणी आली तर पायऱ्यांवरून ढकलीन."

क्षेमीनं टोपली उचलली. 

आत मोक्षदा बसली होती, त्याच खोलीत. डोळे कोरडे. तिला कुणी भांग दिली नव्हती, कुणी हलवून विचारलंही नव्हतं. नवऱ्याचा श्वास थांबल्याबरोबर तिनं स्वतःच जाहीर केलं होतं, मी जाणार. तिनं पाय पुढं केला. बोटं सैल होती.

"लवकर लाव," ती म्हणाली.

क्षेमीनं टाच हातात घेतली. इतक्या वर्षांनी बामणाघरची मऊ टाच. तिच्या मनात नसताना तोंडून गेलं, "लेकरू लहान आहे हो."

"लेकरू तिच्याकडेच असतं." मोक्षदा भिंतीकडे बघत बोलत होती. "तू मला शिकवू नकोस. या घरात विधवेचं काय करतात ते मला ठाऊक आहे. मीच केलंय ना. एकादशीला घागरी मोजल्यात मी. आता त्या ती मोजेल. त्यापेक्षा आग परवडली."

 एक पाय झाला, दुसरा झाला. रेघ वाकडी आली. मोक्षदानं पाहिलंही नाही.

बाहेर करम अलीच होता, पार थकलेला, पूर्वीचा जाडसरपणा जाऊन काडीसारखा वाळलेला. त्यानं ठरलेले प्रश्न विचारले. मोक्षदानं दारातून स्वच्छ उत्तरं दिली. मग तो म्हणाला, "मूल?"

शिवनाथचा चुलतभाऊ गोकुळनाथ पुढं होता. तोच आता घरचा पुरुष. "मुलगी आहे. दोन वर्षांची."

"तीनच्या आतलं मूल असेल तर कुणीतरी लिहून द्यावं लागतं, की मी ते सांभाळीन. त्याशिवाय परवानगी नाही."

"त्यात काय! थोरली वहिनी आहे की. तिला ना मूल ना बाळ, दुसरं काम काय आहे? ती सांभाळतेच आहे. लिहा."

"तिच्या तोंडून ऐकतो."

भव दाराच्या चौकटीत आली. पदर कपाळापर्यंत. कडेवर टुनी, भवच्या गळ्यातली तुळशीची माळ तोंडात घालून चघळत होती.

"मी नाही सांभाळणार," भव म्हणाली.

गोकुळनाथ हसला. "वहिनी, थट्टेची वेळ आहे का ही?"

"मी थट्टा कधी केली? नाही सांभाळणार. हिच्या आईनं मला चार वर्षं कुत्र्यासारखं वागवलं. तिचं पोर मी का वाढवू? ती गेली की संध्याकाळी हिला तळ्यात टाकीन. लिहा दारोगासाहेब, असंच लिहा. माझं नाव घालून लिहा."

बायकांत एकच कालवा झाला. "डाकीण आहे, डाकीण!" "हिलाच जाळायला हवं होतं तेव्हा!" न्यायवागीश म्हातारे झाले होते, त्यांनी कानांवर हात ठेवले. टुनीनं आवाजाला घाबरून भवच्या खांद्यात तोंड खुपसलं, आणि भवचा हात तिच्या पाठीवर थोपटत राहिला. तोंड काय बोलतंय ते त्या हाताच्या गावीही नव्हतं. क्षेमी दाराच्या आत, तिच्या पाठीमागंच उभी होती. तिला तो हात दिसत होता. करम अलीलाही दिसत असणार. तो समोरच बसला होता.

"बरं," तो म्हणाला. "मग दुसरं कोण लिहून देतं? गोकुळबाबू, आपण?"

गोकुळनाथनं घसा साफ केला. त्याच्या घरी सहा मुली. मागं बायकांमध्ये उभ्या असलेल्या त्याच्या बायकोनं एवढ्या जोरात बांगड्या वाजवल्या, की सगळ्यांना ऐकू आलं. "म्हणजे... लिहूनच द्यायचं का? तोंडी नाही चालणार?"

"लिहून. सही करून. लग्नापर्यंत."

करम अलीनं एकेकाकडे पाहिलं. पुण्य सगळ्यांना हवं होतं. सतीचं गाव म्हणवून घ्यायलाही सगळे तयार होते. पण पोर कुणालाच नको होती. कुणी आभाळाकडे बघू लागलं, कुणाला एकाएकी लाकडांची आठवण झाली. दारोग्यानं पुरेसा वेळ जाऊ दिला. मग कागदाची सुरळी केली.

"परवानगी नाही. माणूस ठेवून जातो इथं. राख गार होईपर्यंत तो हलणार नाही."

मोक्षदा किंचाळली. ती भवच्या अंगावर धावून आली, तिचं वस्त्र फाडलं, तोंडावर थुंकली. "सूड घेतलास! जन्मभर छळायला ठेवलंस मला!"

भवनं टुनीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि तोंड पुसलं. "हो," ती म्हणाली. "बस आता खाली."

अंगण रिकामं झाल्यावर तिनं क्षेमीला हाक मारली. "तिचे पाय धू. आळता काढ."

आळता लावायला दोन घटका लागतात, निघायला आठ-पंधरा दिवस. क्षेमीनं तेल लावलं, राख लावली, वजरीनं घासलं. मोक्षदा मेल्यासारखी बसून होती. रंग फिका गुलाबी झाला, त्याहून जाईना. मध्येच भव पाण्याचा तांब्या घेऊन आली नि तिनं तो मोक्षदापुढं आदळला. "पी. सकाळपासून काही नाही पोटात." मोक्षदानं तोंड फिरवलं. भव तिथंच बसून राहिली, हटून. बऱ्याच वेळानं मोक्षदा प्यायली.

निघताना क्षेमी दारात म्हणाली, "तुला आता गाव नावं ठेवील, माय. तळ्यात टाकीन म्हणालीस ते पोरीच्या लग्नापर्यंत चिकटेल."

"चिकटू दे." भवच्या चेहऱ्यावर विजय वगैरे काही नव्हता, दिवसभर धुणं बडवलेल्या बाईचा चेहरा होता तो. "तुम्हाला तरी काय कमी चिकटलं?"

पुढच्या वर्षी थंडीत कंपनी सरकारनं बंदी आणली. आठवडी हाटाच्या दिवशी दवंडी आली, की यापुढं जो कुणी सती जाळील किंवा जाळायला मदत करील त्याला खुनाची सजा. बामणपाड्यात त्या दिवशी चूल पेटली नाही, धर्म बुडाला म्हणून. क्षेमी जेलेपाड्यात एका कोळणीचा काटा काढत होती. तिनं दवंडीवाल्याला पुन्हा सांगायला लावलं. त्यानं सांगितलं. कोळीण म्हणाली, "आमच्यात कुठं कोण जळतं? आम्हाला उद्याच्या जाळ्याची चिंता. तू काटा काढ." क्षेमीनं काटा काढला.

घरी नकुल म्हणाला, "ऐकलंस? दहा-बारा वर्षं आधी आणायला काय झालं होतं यांना?" एवढं लांब वाक्य तो पुष्कळ दिवसांनी बोलला होता. क्षेमीनं शिळ्या भातावर पाणी घातलं, मिरची घेतली आणि जेवायला बसली.

ती आणखी सात वर्षं जगली. चाटुज्जेंच्या दोन्ही विधवांची नखं शेवटपर्यंत तिनंच काढली. दोघी एका छपराखाली दोन चुली मांडून राहत, सकाळ-संध्याकाळ भांडत, आणि एकादशीला कोण कुणाच्या घागरीकडे बघतं याची उठाठेव त्या घरात कुणीच करत नसे. टुनीचं लग्न नवव्या वर्षी कृष्णनगरकडे झालं. वरातीच्या आदल्या दिवशी तिला आळता लावायला क्षेमीला बोलावलं होतं, पण तोवर तिचा उजवा हात पार लुळा पडला होता. तिनं नकुलच्या भाच्याच्या बायकोला बरोबर नेलं आणि आपण ओसरीवर टेकून, रेघ नीट येते की नाही ते बघत बसली.